चेअरमनबाईंची बेचाळीस घरं

त्या पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. उन्हातून आल्यात, तहान लागली असेल, असं मला वाटलं. त्यांनी तो फरशीवर ओतला.

पाणी जरा पसरलं, थबकलं आणि मग हळूहळू कपाटाकडे निघालं. त्या कपाटाखाली मंजूर फायलींचे गठ्ठे ठेवलेले असत. शिपाई ओरडत धावला.

"बगा," त्या मला म्हणाल्या, "ढाळ उलटा हाय. पानी दाराकडं जायला पायजे, ते तुमच्या कागदांकडं चाललंय. आन घरं तुमीच पास करता ना?"

मग त्यांनी पिशवीतून फडकं काढलं, खाली बसून फरशी कोरडी केली, फडकं खिडकीबाहेर पिळलं आणि समोरची खुर्ची पुढं ओढून बसल्या. "मी चेअरमन," त्या म्हणाल्या. "घरकामगार बायांच्या सोसायटीची."

मी तेव्हा नगरला सरकारी गृहनिर्माण कर्जाच्या ऑफिसात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकतीच लागले होते. कामगारांच्या, कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थांना सभासदांसाठी घरं बांधायला सरकार कर्ज द्यायचं. कर्ज संस्थेच्या नावावर, घरं सभासदांची. संस्थेनं जागा दाखवायची, आम्ही नकाशा तपासायचा, जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा. असे अर्ज घेऊन येणारे चेअरमन मी पाहिले होते. कडक इस्त्रीचे कपडे, मागं बॅग धरणारा एकजण, आणि बोलण्यात कुणा ना कुणा पुढाऱ्याचं नाव. या बाई सकाळची धुणीभांडी आटोपून आणि दुपारची सुरू होण्याआधी आल्या होत्या. हातांना साबणाचा वास होता.

त्या मूळच्या पारनेर तालुक्यातल्या. लग्न होऊन नगरला आल्या आणि दुसऱ्याच महिन्यात सावेडीतल्या एका बंगल्यात कामाला लागल्या. तेव्हापासून लोकांची घरंच पुसली. त्यामुळं घर या विषयावर त्यांची मतं फार पक्की होती आणि ती विचारल्याशिवाय मिळत. कुठल्या बंगल्यात जिन्याखाली झाडू पोचत नाही, कुठल्या डॉक्टरांच्या मोरीत पाणी साचतं, कुठल्या वकिलांच्या ओट्याची उंची चुकल्यानं तिथं काम करणाऱ्या तीन बायकांची पाठ गेली, सगळं त्यांना तोंडपाठ. "बांदनारा एकदा बांदतो आन जातो," त्या म्हणायच्या. "पुसनारीला रोज कळतं."

संस्थेचा शिक्का त्या कमरेच्या बटव्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवत. कुणाच्या हाती देत नसत. वाचता बेताचं यायचं, म्हणून प्रत्येक कागद मला मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि मधे मधे थांबवायच्या.

"यथोचित म्हंजे?"

"योग्य ते."

"मग योग्य लिवा की. अक्षरं कमी लागत्यात."

आमच्या ऑफिसचे दोन मसुदे त्यांच्यामुळं बदलले. साहेबांना वाटायचं ते मीच सुधारले.

संस्थेत बेचाळीस बायका होत्या. बहुतेक सगळ्या पत्र्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या. केडगावच्या पार टोकाला, पुणे रस्त्यापासून बरंच आत, त्यांनी पै-पै साठवून एक माळाचा तुकडा घेतला होता. त्यावर आमचा ठरलेला टाइप प्लॅन बसवायचा होता. एक खोली, स्वयंपाकघर, मोरी, संडास. तो नकाशा मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. "कागदावर मला कळत न्हाई," म्हणाल्या. "तुमी म्हैन्याभरानं एका रविवारी या."

त्या रविवारी मी साहेबांबरोबर जागेच्या पाहणीला गेले. भर दुपार होती. माळावर फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं, एक अख्खं घर आखलेलं होतं. खऱ्या मापाचं. भिंतींच्या जागी दुहेरी रेघा, दारांच्या जागी मोकळ्या फटी. आणि त्या रेघांच्या आत एक कुटुंब सकाळपासून राहत होतं. खाट होती, स्टोव्ह होता, हंडे होते, गोणपाटावर एक म्हातारी झोपली होती. चेअरमनबाई बाहेर स्टुलावर बसून लक्ष ठेवत होत्या. मागचे चार रविवार हा प्रकार चालला होता. दर वेळी वेगळं कुटुंब.

साहेब सरळ चालत आत गेले.

"अवो साहेब! भिंतीतनं कुठं येताय? दारातनं या."

साहेब थांबले. खाली बघितलं. त्यांचा एक पाय भिंतीच्या आत आणि एक बाहेर होता. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला वाटलं, संपलं, आता फाइल गेली. पण साहेब मुकाट्यानं मागं सरकले, वळसा घालून चुन्यातल्या दारापाशी आले, तिथं चपला काढल्या आणि आत जाऊन खाटेवर बसले. त्या माणसाबद्दल माझं मत तेव्हापासून चांगलं आहे.

"आता म्हातारी झोपलीय," चेअरमनबाईंनी सांगितलं. "तुमी खाटेवर. पोरगी अभ्यासाला खाली. आता संडासला जाऊन दाखवा."

म्हातारीला ओलांडल्याशिवाय जाता येत नव्हतं. शिवाय संडासचं दार बरोबर ओट्यासमोर उघडत होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हा टाइप प्लॅन जिल्ह्यात कितीतरी वर्षं चालू होता आणि त्यात आजवर कुणी दिवसभर राहून पाहिलं नव्हतं. महिन्याभरात दार मागच्या बाजूला गेलं आणि नकाशाला मंजुरी मिळाली.

इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. अडलं ते सभासदांच्या यादीवर.

नियम असा की एका कुटुंबाला सरकारी मदतीचं घर एकदाच. यादी संगणकात भरल्यावर शाहीनच्या नावापुढे लाल खूण आली. शाहीन बत्तीस-तेहतीस वर्षांची. दोन घरी स्वयंपाक करायची आणि एका दवाखान्यात फरशी पुसायची. नवरा तिला सोडून गेलेला. तो मूळचा अकोले तालुक्यातला. तिकडं जाऊन त्यानं दुसरा संसार मांडला होता आणि गावात घरकुल मिळवताना अर्जावर बायको म्हणून शाहीनचंच नाव दिलं होतं, कारण रेशनकार्डावर तेच होतं. शाहीननं ते घर डोळ्यांनीही पाहिलेलं नव्हतं. पण सरकारच्या लेखी तिला घर मिळालेलं होतं.

साहेबांनी चेअरमनबाईंना बोलावून समजावलं. "एक नाव वगळा. एक्केचाळीस घरांची मंजुरी आज देतो. मार्चअखेरपर्यंत यादी अंतिम झाली नाही तर यंदाचा निधी परत जाईल. मग पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत."

चेअरमनबाईंनी मला कर्जरोख्यातलं एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं. सर्व सभासद परतफेडीस संयुक्तपणे जबाबदार राहतील, असं ते वाक्य होतं.

"म्हंजे एकीनं थकवलं तर बाकीच्यांनी भरायचं."

"हो."

"मग एकीला घरच न्हाई मिळालं तर बाकीच्यांनी काय करायचं, ते कुठं लिवलंय?"

"तसं कुठंच नाही लिहिलेलं," साहेब म्हणाले.

"तेच म्हनते मी."

पुढच्या रविवारी माळावर सभा झाली. त्यांनी मला मुद्दाम बोलावलं होतं, नियम काय आहे ते सांगायला. मी सांगितला. शाहीन स्वतःच उठली आणि म्हणाली, "माझं नाव काढा. माझ्यामुळं सगळ्यांचं अडायला नको."

"तुला इचारलंय का कुनी?" चेअरमनबाई म्हणाल्या. "खाली बस." मग बाकीच्यांकडे वळल्या. "जिला वाटतं हिला काढावं, तिनं उटून हिच्या तोंडावर सांगायचं. माज्याकडं बगून न्हाई. हिच्याकडं बगून."

कुणी उठेना. बायका मातीत रेघा ओढत बसल्या. मग भामाबाई उठल्या. संस्थेतल्या सगळ्यात वयस्क. दम्यानं बेजार, दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबावं लागायचं. त्या शाहीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, तुज्याबद्दल माज्या मनात काय बी वाकडं न्हाई. पन माज्याकडं आता येळ न्हाई. पत्र्याखाली दम कोंडतो माजा. मला माज्या घरात मरायचंय. तुजं नाव काढावं आसं मला वाटतं."

शाहीननं मान हलवली. चेअरमनबाई म्हणाल्या, "भामाबाई खरं बोलली. बाकीच्या गप्प बसल्या. नाव राहील."

मी परत येताना संतापले होते. ती सभा नव्हती, ती दमदाटी होती, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. हात वर करून मत घेतलं असतं तर शाहीन गेली असती, हे चेअरमनबाईंना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी मत घेतलं नाही. मी त्यांना तसं म्हटलंही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माज्या डोक्यावर घ्या ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या घरांची कामं सोडून एसटी पकडली आणि भंडारदऱ्याला गेल्या. शाहीनचा नवरा तिथं पर्यटकांच्या एका लॉजवर स्वयंपाकी होता. त्यानं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं होतं की शाहीन त्या घरकुलात कधी राहिली नाही आणि तिचा त्या घरावर हक्क नाही. सोबत गावच्या ग्रामसेवकाचा दाखला. पुढं काय झालं ते मला नंतर शाहीनकडून आणि काही त्यांच्याकडून कळलं.

नवऱ्यानं त्यांना पाहिलं आणि तो मागच्या दारानं निघून गेला. खोटं नाव दिलं म्हणून आपलंच घर जाईल, ही त्याला भीती. चेअरमनबाई लॉजच्या व्हरांड्यात बसल्या. थोड्या वेळानं त्यांना व्हरांडा घाण वाटायला लागला. त्यांनी झाडू मागून घेतला. व्हरांडा झाला, मग जिना, मग जेवणाची खोली. मॅनेजरला वाटलं, मालकांनी नवीन बाई पाठवली. संध्याकाळी त्यानं त्यांना जेवायला घातलं आणि झोपायला कोठीची खोली दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर धुवायला घेतलं. आता नवऱ्याला जायला जागाच उरली नाही. तो भाजी चिरत होता आणि त्याच्या पायाशी त्या फरशी घासत होत्या.

"तुमी जा ना इथून," तो म्हणाला.

"जाते की. सही कर, जाते."

"माझं घर जाईल."

"तुजं घर जाऊ ने म्हनूनच आलेय. तू खरं लिवून दिलंस तर तुजं घर तुज्या ह्या बायकोच्या नावावर नीट हुईल. न्हाई दिलंस तर आज ना उद्या कुनीतरी तपासनारच. मग दोघींचं जाईल. दोन बायका बेघर करायच्यात का तुला?"

तिसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर अकोल्याला आला आणि तहसीलमध्ये सही केली. मॅनेजर मात्र त्यांना सोडायला तयार नव्हता. पगार बोला, म्हणत होता.

आता फक्त ग्रामसेवकाचा दाखला राहिला होता. ग्रामसेवक रजेवर होता. मुलीचं लग्न. चेअरमनबाई लग्नाच्या मांडवातही जाऊन आल्या, पण शिक्का ऑफिसच्या कपाटात होता आणि किल्ली त्याच्याच जवळ असली तरी तो नवरीचा बाप होता. त्याला कुणी मांडवातून हलू देईना. दाखला घेऊन त्या आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा मार्च संपून चार दिवस झाले होते. निधी परत गेला होता.

"चार दिवस, बाई," साहेब म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं होतं. "फक्त चार दिवस."

चेअरमनबाईंनी दाखला टेबलावर ठेवला, त्यावरची घडी हातानं सपाट केली. "लावून ठेवा फायलीला," म्हणाल्या आणि गेल्या. फरशीकडे त्यांनी त्या दिवशी पाहिलंही नाही.

पावसाळा संपता संपता भामाबाई वारल्या. पत्र्याच्याच खोलीत. मला दुसऱ्या दिवशी कळलं. चेअरमनबाई तिथं गेल्या तेव्हा भामाबाईंच्या सुनेनं त्यांना दारातच अडवलं. सून तिशीतली, नवरा ट्रकवर, घरात ती आणि सासूच जास्त करून असायच्या. ती ओरडली नाही. "तुमी आत येऊ नका," एवढंच म्हणाली. चेअरमनबाई बाहेर गटाराच्या कडेला बसून राहिल्या. बाकीच्या बायका आतबाहेर करत होत्या, कुणी त्यांच्याशी बोलत होतं, कुणी नव्हतं. उचलेपर्यंत त्या तिथंच होत्या. शाहीन यायला निघाली होती, तिला त्यांनी येऊ दिलं नाही. "आज तुजं तोंड नको त्यांना," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी बेचाळीस नावांना मंजुरी मिळाली. भामाबाईंच्या जागी वारस म्हणून सुनेचं नाव लागलं. दरम्यान सिमेंट-सळई महागली होती, म्हणून दारापुढचा बसायचा ओटा नकाशातून गेला. कंत्राटदार पाथर्डीकडचा, कामाला वाईट नव्हता. पण फरशी बसल्यावर चेअरमनबाई बादली घेऊन एकेका घरात शिरल्या आणि पाणी ओतत सुटल्या. सात घरांत पाणी मोरीकडे जाईना. त्या सातही घरांची फरशी त्यांनी उखडायला लावली. कंत्राटदार माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "मॅडम, एवढं तर बंगलेवाले बी बगत न्हाईत."

"बंगलेवाले पुसत नाहीत ना," मी म्हटलं. म्हणजे तोवर मलाही त्यांची लागण झाली होती.

घरांचं वाटप चिठ्ठ्या टाकून झालं. चेअरमनबाईंना रस्त्याकडेचं कोपऱ्याचं घर आलं, सगळ्यात हवेशीर. भामाबाईंच्या सुनेला मागच्या ओळीतलं. तिनं तोवर चेअरमनबाईंशी बोलणं टाकलं होतं, आणि शाहीनशीही. चिठ्ठ्या झाल्यावर चेअरमनबाईंनी सुनेच्या शेजारचं घर कुणाला आलंय ते शोधून काढलं आणि त्या बाईशी अदलाबदल केली. ती बाई खुशीत तयार झाली. मला कागद बदलावे लागले, म्हणून मी चिडून विचारलं, कशाला हे?

"तिला माज्यावर राग हाय," त्या म्हणाल्या. "समोर मानूस असलं की राग निघतो. मानूस नसलं की आत कुजतो. ऱ्हाते मी समोर."

"आणि नाही निघाला तर?"

"न्हाई तर न्हाई. तिची सासू गेली, माजं काय गेलं? दोन भिंती हिकडच्या तिकडं."

मी एकदाच त्यांना विचारलं होतं की तुम्ही केलं ते बरोबर होतं का. त्यांनी चांगला विचार केला. मग म्हणाल्या, "ठाव न्हाई, मॅडम. शाहीनकडं बगितलं की वाटतं व्हय. शेजारी बगितलं की वाटतं न्हाई. दोन्हीकडं रोज बगते."

माझी पुढं बदली झाली. जाणं कमी झालं. चेअरमनबाई शेवटपर्यंत दोन घरांची कामं करत होत्या. सावेडीतल्या एका घरी काम करता करताच छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेल्या. मी चौथ्या दिवशी केडगावला गेले. त्यांच्या दाराला कुलूप होतं. मुलगी येऊन अंत्यविधी उरकून पुण्याला परत गेली होती.

शेजारच्या दारात भामाबाईंची सून रिकामा हंडा घेऊन उभी होती. तिनं मला ओळखलं. आत या म्हणाली नाही, पण गेलीही नाही. काही बोलावं म्हणून मी म्हटलं, "तुमचं बोलणं नव्हतं ना त्यांच्याशी."

"न्हाई. सासू गेल्यापास्नं एक शब्द न्हाई. त्या बोलायच्या. हिकडं नळाला पानी कवा तीन दिसांनी येतं, कवा चार. येळेचा पत्ता न्हाई. त्या उटून बगायच्या आन माज्या भिंतीवर हात मारून सांगायच्या, पानी आलं गं. मी कवा उत्तर न्हाई दिलं. गुमान हंडा घेऊन जायचे."

"मग?"

"आज सकाळी पानी येऊन गेलं. मला कळलंच न्हाई."

ती कुलपाकडे बघत राहिली. मग तिनं हंडा कमरेवर घेतला, चपला घातल्या आणि पुढच्या ओळीत शाहीनच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिथं ती पहिल्यांदाच जात होती, हे मला शाहीनच्या चेहऱ्यावरून कळलं. शाहीननं काही न विचारता तिच्या हातातून हंडा घेतला आणि आपल्या पिंपातून भरायला आत नेला.